चौथं टेबल, पाचवी खुर्ची

शेषप्पाने शिडी लावून ट्यूब काढली, नवी बसवली, खाली उतरून बटण दाबलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"झालं समाधान, अक्का?"

होन्नम्माने मान वर करून पाहिलं. "हीपण तसलीच. पिवळट."

"दोन महिन्यांत ही दुसरी. बाकीच्या टेबलांना एकेक ट्यूब चार-चार वर्षं पुरते. तुमच्याच टेबलाला उजेड गिळायची सवय लागलीय का?"

"स्टोअरमध्ये पडलेला जुना माल आणून आमच्या डोक्यावर टांगतोस, आणि वर मलाच विचारतोस?"

शेषप्पा हा कारखान्याचा इलेक्ट्रिशियन. तो काहीतरी पुटपुटत शिडी घेऊन गेला. टेबलावरच्या बाकीच्या आठजणी माना खाली घालून काम करत राहिल्या. नागवेणीला एरवी कुणाच्याही बोलण्यात तोंड घातल्याशिवाय चैन पडत नसे. त्या दिवशी तीही ट्रेवर वाकलेलीच राहिली. होन्नम्माच्या ते तेव्हा लक्षात आलं नाही.

ही गोष्ट १९८६ सालची. अरसीकेरे जंक्शनपासून तीन किलोमीटरवर, नारळाच्या बागा संपतात तिथे, मलनाड वॉच कंपनीचा कारखाना होता. चावीची मनगटी घड्याळं तिथे बनत. जुळणीच्या हॉलमध्ये नऊ टेबलं होती आणि प्रत्येक टेबलावर नऊ बायका. पहिल्या खुर्चीपुढे नुसती पितळी बैठक यायची आणि नवव्या खुर्चीवरून चालू घड्याळ बाहेर पडायचं. दहा-दहा घड्याळांचा एक ट्रे, हातातून हातात सरकत जाणारा.

होन्नम्मा चौथ्या टेबलाची प्रमुख. तिची खुर्ची पाचवी, आणि पाचव्या खुर्चीचं काम सगळ्यांत नाजूक. मागे-पुढे झुलणारं एक इवलंसं चाक आणि त्याला जोडलेली केसाहून बारीक स्प्रिंगची गुंडाळी, हे दोन्ही चिमट्याने उचलून जागेवर बसवायचं. ते बसलं की तोवर मुकं असलेलं यंत्र टिकटिकायला लागे. बायका त्या चाकाला 'जीव' म्हणत. "अक्का, आज किती जीव घातलेत?" असं एकीने सहज विचारलं की नवखा पाहुणा दचकून बघे.

होन्नम्मा मूळची बाणावरजवळच्या एका खेड्यातली. आई देवळापुढे फुलं विकायची. सहाव्या वर्षापासून होन्नम्मा केळीच्या सोपटाच्या दोरीत मोगऱ्याच्या कळ्या बांधत आली. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, मध्ये फास, की पुढच्या दोन. बांधताना दोरीकडे बघायची गरज तिला लवकरच उरली नाही. लग्न होऊन ती अरसीकेरेला आली. नवरा चन्नबसप्पा खोबऱ्याच्या बाजारात हमालांच्या टोळीचा मुकादम. १९७५ मध्ये कारखान्याची भरती निघाली तेव्हा तिचं वय पस्तीस होतं आणि तिने शाळा सातवीपर्यंत पाहिली होती.

भरतीची परीक्षा अशी: एका ताटलीत मूठभर मोहरी, शेजारी शंभर बारीक भोकांचा पत्रा. चिमट्याने एकेक दाणा उचलून एकेका भोकात बसवायचा, दहा मिनिटांत. चारशे बायकांत होन्नम्मा दुसरी आली. पहिली आली ती कडूरची फिलोमिना लोबो, शिवणकाम करणारी, तिच्याहून आठ वर्षांनी लहान आणि जिभेने तिच्या दुप्पट. दोघींना एकाच टेबलावर शेजारशेजारच्या खुर्च्या मिळाल्या. होन्नम्मा जीव घालायची, फिलोमिना त्याला तेल द्यायची. मोहरीच्या परीक्षेत पहिलं कोण आलं होतं, हे फिलोमिनाने अकरा वर्षांत तिला एकदाही विसरू दिलं नव्हतं.

पहिल्या वर्षी हॉलच्या भिंतीवर एक फळा होता. तयार घड्याळं तपासणीच्या खोलीत पाच दिवस चालवून बघत. जी पुढे-मागे जात ती परत येत, आणि फोरमन दोष ज्या खुर्चीचा असेल त्या बाईचं नाव फळ्यावर लिही. चौथ्या टेबलावर गिरिजा नावाची एक मुलगी होती. तिचं नाव लागोपाठ अकरा दिवस फळ्यावर राहिलं. बाराव्या दिवशी ती आली नाही, आणि पुन्हा कधीच आली नाही. त्याच महिन्यात बायकांच्या संडासाची टाकी तुंबली. प्लंबरने झाकण उघडलं तेव्हा आत एकेचाळीस अर्धी घड्याळं निघाली. नऊही टेबलांची होती.

दुसऱ्या दिवशी होन्नम्माने ओलं फडकं घेतलं आणि फळ्यावरचा चौथ्या टेबलाचा रकाना पुसून टाकला.

"हे काय चाललंय?" फोरमनने विचारलं.

"परत आलेलं घड्याळ टेबलाचं. नाव लिहायचं तर नऊ लिहा."

नऊ नावं त्या रकान्यात मावत नव्हती. फोरमनने कपाळाला हात लावला आणि ते प्रकरण तिथेच थांबलं.

तेव्हापासून चौथ्या टेबलाचा नियम ठरला. परत आलेली घड्याळं जेवणाच्या सुट्टीआधी टेबलाच्या मधोमध उघडायची. जिचा हात मोकळा असेल तिने दुरुस्त करायची. चूक कुणाची हे विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. सहा महिन्यांत चौथ्या टेबलाची शंभरातली दोनच घड्याळं परत यायला लागली. बाकी टेबलांची सात-आठ येत. मग फळाच उतरवला गेला. बेंगळुरूहून, म्हैसूरहून पाहुणे आले की त्यांना आधी चौथ्या टेबलापाशी आणत. होन्नम्मा उठून उभी राहत नसे. भिंग डोळ्याला तसंच ठेवून म्हणायची, "बघा, पण टेबलाला धक्का लावू नका." आपल्या टेबलाचा तिला अभिमान होता आणि तो लपवायचं काही कारण तिला दिसत नव्हतं.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत श्रीनिधी आला. बेंगळुरूहून शिकून आलेला, सव्वीस वर्षांचा, आवाज न चढवता बोलणारा. त्याच्या हातात स्टॉपवॉच असे. तीन आठवडे तो प्रत्येक खुर्चीमागे उभा राहिला आणि एका घड्याळाला एका खुर्चीवर किती सेकंद लागतात ते लिहीत गेला. का, ते सगळ्यांना माहीत होतं. बाजारात सेलवरची घड्याळं आली होती. चावीच्या घड्याळांची मागणी घटत होती. कंपनीने ठरवलं होतं की प्रत्येक टेबल आठजणींचं करायचं. नववी बाई रस्त्यापलीकडच्या पॅकिंगच्या शेडमध्ये जाणार होती. तिथे पांढरा कोट नव्हता, गार हवा नव्हती, वर पत्रा होता. कोण जाणार ते टेबलाच्या प्रमुखाने ठरवायचं आणि शनिवारी बंद लिफाफ्यात नाव द्यायचं.

सोमवारी श्रीनिधीने होन्नम्माला बोलावून तक्ता दाखवला.

"होन्नम्मा, तुमचा हात बघत राहावा असा आहे. एकशे आठ सेकंद. अख्ख्या हॉलमध्ये असा आकडा नाही."

"आणि सगळ्यांत मागे कोण?"

त्याने कागद तिच्याकडे फिरवला. "सहावी खुर्ची. एकशे बेचाळीस. नुसतं तेल द्यायचं काम आहे. ट्रे तिथेच साचतो. टेबलाची दिवसाला दोनशे चाळीस घड्याळं व्हायला हवीत, एकशे नव्वदच होतात, ती त्या एका खुर्चीमुळे."

"फिलोमिना परीक्षेत पहिली आली होती, सर."

"अकरा वर्षांपूर्वी," श्रीनिधी म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

होन्नम्मा त्या आठवड्यात फिलोमिनाच्या कामाकडे लक्ष ठेवून राहिली, म्हणजे तिच्या उजवीकडे साचणाऱ्या ट्रेकडे. श्रीनिधी म्हणत होता ते खरं होतं. पाचव्या आणि सहाव्या खुर्चीच्या मध्ये दुपारपर्यंत तीन-तीन ट्रे उभे राहत.

"हात जड झालाय का गं तुझा?" तिने मंगळवारी विचारलं.

"वय झालं, अक्का. तुमच्यासारखं तरुण राहणं सगळ्यांना कुठे जमतं?"

सातव्या खुर्चीवर नागवेणीला ठसका लागला.

"ट्रे साचतोय, फिलोमिना."

"साचू दे. दूध आहे का नासायला?"

घरी तिने चन्नबसप्पाला विचारलं, तुमच्या टोळीत एखादा मागे पडला तर काय करता. तो जेवत होता. रागी मुद्देचा, म्हणजे नाचणीच्या उकडलेल्या गोळ्याचा, तुकडा सारात बुडवून त्याने गिळला.

"आमच्यात सोपं आहे. पोतं उचललं तर राहिला, नाही उचललं तर घरी."

"आणि त्याने दुसऱ्याच्या पोत्याला हात लावला असेल, म्हणून मागे पडला असेल तर?"

"तसं दिसतंच की. पोत्याला चार हात असले की लांबूनसुद्धा दिसतात." त्याने ताट पुढे केलं. "तुमच्या घड्याळात काय दिसणार, ते तुझं तुला माहीत."

गुरुवारी संध्याकाळी होन्नम्माने छापील कागदावर नाव लिहिलं. फिलोमिना लोबो, सहावी खुर्ची. अकरा वर्षांची शेजारीण होती, म्हणून तर होन्नम्मा आणखीनच काटेकोर झाली. ओळखीच्या बाईला वाचवलं असं कुणी चौथ्या टेबलाबद्दल म्हणायला नको होतं. तिने लिफाफा चिकटवला आणि देवाच्या फळीवर ठेवला.

शुक्रवारी सकाळी तिच्या उजव्या डोळ्याला रांजणवाडी आली. पहिला ट्रे तिने दात दाबून तसाच पूर्ण केला. भिंगाची कड पापणीला टोचत होती. दहाच्या सुमारास ते सोसवेना, तेव्हा तिने भिंग काढून डाव्या डोळ्याला लावलं. अकरा वर्षांत असं तिने कधी केलं नव्हतं.

तिने आधी वर पाहिलं. ट्यूब पांढरीशुभ्र होती.

मग तिने समोरचा ट्रे पाहिला, नुकताच पूर्ण केलेला, अजून पुढे न सरकवलेला. दहा घड्याळं टिकटिकत होती. पहिल्यातली गुंडाळी नीट होती. दुसऱ्यातलीही. तिसऱ्यात शेवटचे दोन वेढे एकमेकांना चिकटले होते. अशी घड्याळं चालतात, पण दिवसाला दहा-बारा मिनिटं पुढे पळतात. पाचव्यात तेच. आठव्यात गुंडाळी एका बाजूला कलली होती. दहाव्यात पुन्हा वेढे चिकटलेले. तिने भिंग उजव्या डोळ्याला लावून तीच चार पुन्हा पाहिली. वेढ्यांवर दूध सांडल्यासारखं दिसलं, आणि त्या दुधाखाली सगळं ठीक होतं.

दहात चार.

तिने ट्रे रोजच्यासारखा उजवीकडे सरकवला, पुढचा ओढून घेतला, आणि पुढच्या ट्रेवर वाकल्यासारखं करून शेजारी बघत राहिली.

फिलोमिनाने तेलाची सुई हातात घेतली नाही. चिमटा घेतला. पहिल्या दोन घड्याळांवरून तिची नजर पुढे गेली. तिसऱ्यापाशी थांबली. चिमट्याचं टोक आत घालून तिने वेढा सोडवला, चाक एकदा झुलू दिलं, ऐकलं, पुढे गेली. पाचवं. आठवं, त्याला जरा जास्त वेळ लागला. दहावं. मग चिमटा खाली ठेवून तिने सुई उचलली आणि दहाही घड्याळांना एका दमात तेल दिलं. त्या सगळ्या वेळात तिने मान वर केली नाही. अलीकडच्या खुर्चीकडे तर मुळीच पाहिलं नाही. नागवेणी हात पुसत थांबली होती, आणि थांबण्यात तिला काही नवल वाटत नव्हतं.

होन्नम्माने हिशेब केला. एका ट्रेमागे साडेपाच मिनिटांहून थोडा जास्त वेळ. दहांत वाटला तर एका घड्याळाला चौतीस सेकंद. एकशे बेचाळीसमधून चौतीस गेले की एकशे आठ उरतात.

तपासणीतून त्या दिवशी दोन घड्याळं परत आली. जेवणाच्या सुट्टीआधी ती मधोमध उघडली गेली. चूक कुणाची ते कुणी विचारलं नाही.

साडेचारला पाळी सुटली. कोट बदलायच्या खोलीत होन्नम्मा दाराला पाठ लावून उभी राहिली. आत फिलोमिना होती आणि नागवेणी.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"माझ्याशी खेळू नकोस. मी आज डाव्या डोळ्याने बघत होते."

फिलोमिनाने कोट खुंटीला लावला, त्याची कॉलर सरळ केली. "गेल्याच्या गेल्या दसऱ्यापासून. दीड वर्ष होत आलं."

"आणि सांगितलं नाहीस."

"कसं सांगणार? चूक कुणाची ते विचारायचं नाही, सांगायचं नाही. नियम कुणाचा?"

"नियम परत आलेल्या घड्याळांचा होता."

"तुमची परत येऊच दिली नाहीत ना आम्ही."

"आम्ही?"

"फिलोमिनाअक्काला टायफॉइड झाला होता ना," नागवेणी म्हणाली, "तेव्हा ते काम आपल्या मेहरुन्निसाने केलं. तिला तेवढं जमलं नाही. त्या आठवड्यात रोज चौदा-चौदा परत आली. तुम्ही म्हणालात, ट्यूब मंद आहे."

"तेव्हाच बदलून घेतली मी."

"हो ना. मी शेषप्पाला खरं काय ते सांगणार होते. हिने माझ्या पायावर पाय दिला. करंगळी अजून दुखते."

होन्नम्मा हसली नाही. "हॉलमध्ये किती जणींना माहीत आहे?"

"चौथ्या टेबलाबाहेर एकीलाही नाही," फिलोमिना म्हणाली, आणि हे सांगताना तिची मान जरा ताठ झाली.

"त्या तक्त्यात तू सगळ्यांत मागे आहेस. ठाऊक आहे?"

"आहे. तो मुलगा कागद उघडा टाकून चहाला जातो."

"उद्याच्या लिफाफ्यात मी तुझं नाव लिहिलंय."

बाहेर स्टेशनकडे जाणाऱ्या बसचा हॉर्न वाजला.

"लिहिलं असणार," फिलोमिना म्हणाली. "तुमच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं."

"आणि तू गेली असतीस? गप्प?"

"गेले असते. पण सहाव्या खुर्चीवर जी येणार तिला आधी हे सगळं समजावून द्यावं लागलं असतं. ती एक पंचाईत होती. दोन दिवस तोच विचार करतेय."

होन्नम्मा त्या दिवशी बसने गेली नाही. तीन किलोमीटर चालत गेली. राग आला होताच. आठ बायकांनी दीड वर्ष आपल्याला सांभाळून घेतलं आणि आपण त्यांना उजेड, टापटीप आणि वेग यांवर भाषणं दिली. फिलोमिनाला तर हात जड झाला का म्हणून विचारलं. नारळाच्या बागेपाशी येईपर्यंत राग बराचसा चालण्यात गेला. मग ती दुसरंच काही मोजू लागली. दीड वर्ष. दिवसाला एकशे नव्वद घड्याळं, त्यांतली सत्तर-पंचाहत्तर सोडवून पुढे पाठवलेली. एकीनेही कंटाळून एखादं तसंच जाऊ दिलं नव्हतं. एकीनेही बाहेर तोंड उघडलं नव्हतं. तक्त्यात स्वतःचं नाव शेवटी दिसत असताना फिलोमिनाने चिमटा खाली ठेवला नव्हता. पाहुण्यांना ती टेबल दाखवायची ते शंभरात दोनचं. एकमेकींना सांभाळून घेणारं हे दुसरं टेबल तिलाही कुणी दाखवलं नव्हतं, आणि ते तिनेच जुळवलेलं होतं.

घरी गेल्यावर तिने देवाच्या फळीवरचा लिफाफा फाडला आणि चन्नबसप्पाला नवा आणायला पाठवलं.

शनिवारी अकरा वाजता कारखान्याचे मॅनेजर भीमसेन राव यांनी लिफाफे उघडले. चौथा उघडून त्यांनी चष्मा वर केला.

"होन्नम्मा, वर प्रमुखाचं नाव लिहायचं आणि खाली जाणाऱ्या बाईचं. तुम्ही दोन्हीकडे एकच लिहिलंय."

"बरोबर लिहिलंय, सर."

शेजारी बसलेला श्रीनिधी पुढे वाकला. "पण तुम्ही तक्त्यात सगळ्यांच्या पुढे आहात."

"तुमचे आकडे बरोबर आहेत. सहाव्या खुर्चीच्या एकशे बेचाळीसमधले चौतीस माझे आहेत. तेवढे माझ्या नावावर घ्या."

तिने सगळं सांगितलं. रांजणवाडी, डावा डोळा, चिमटा. श्रीनिधीने आधी लिहून घेतलं, मग लिहायचं थांबवून नुसतं ऐकलं. शेवटी त्याने विचारलं, "मी तीन आठवडे तिच्या मागे उभा होतो. मला हे दिसलं कसं नाही?"

"तिच्या हातात चिमटा होता आणि डोळ्याला भिंग. काम करणारी बाई दिसते तशीच ती दिसली. मी तर अकरा वर्षं शेजारी बसलेय."

"डोळ्याचं असेल तर रजा घ्या," भीमसेन राव म्हणाले. "ऑपरेशन करून परत या."

"डोळ्याचं डॉक्टर बघतील. डाव्या डोळ्याला या कामाची सवय नाही, आणि पाचवी खुर्ची सोमवारी चालू हवी."

"मग तिथे कोण?"

"फिलोमिना. टेबलही तिच्याकडेच द्या. मोहरीच्या परीक्षेत ती पहिली आली होती."

सोमवारी सकाळी होन्नम्मा आपला चिमटा न्यायला हॉलमध्ये आली. टेबलावर आठच खुर्च्या होत्या. पाचव्या खुर्चीवर फिलोमिना बसली होती आणि खुर्चीची उंची अजून जुळवत होती.

"नियमात एक दुरुस्ती करायची आहे," होन्नम्मा म्हणाली. "चूक कुणाची ते विचारायचं नाही हे ठीक. पण जिची असेल तिने आपणहून सांगायचं."

"आणि जिला स्वतःलाच माहीत नसेल तिने?" फिलोमिनाने विचारलं.

"तिला शेजारणीने सांगायचं. तोंडावर. दसऱ्याची वाट न बघता."

"मग पहिलं मीच सांगते. तुम्ही माझ्या उजेडात उभ्या आहात."

या वेळी आठहीजणी हसल्या आणि होन्नम्मा बाजूला झाली.

बाराव्या दिवशी चौथ्या टेबलाने आठजणींत एकशे नव्वद घड्याळं केली. महिनाअखेरीला दोनशे दहा. श्रीनिधीने नवा तक्ता केला. तो आता खुर्चीमागे उभा राहत नसे. एका ट्रेबरोबर पहिल्या खुर्चीपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत चालत जाई, आणि तक्त्यात त्याने एक जादा रकाना आखला होता: शेजारच्या खुर्चीसाठी केलेलं काम. तो भरायला त्याला बायकांनाच विचारावं लागे. काही सांगत, काही सांगत नसत.

होन्नम्माचा मोतीबिंदू पिकायला वर्ष लागलं. हासनला ऑपरेशन झालं, जाड भिंगांचा चष्मा आला. ती जुळणीच्या हॉलमध्ये परत गेली नाही. ती निवृत्त झाली तेव्हा कारखान्याला येणारे पाहुणे पॅकिंगची शेड आधी बघत. पण तिच्याकडे विषय काढला की ती पाहुण्यांचं सांगत नसे. शेडमधल्या पहिल्या महिन्याचं सांगे.

शेडमध्ये बारा बायका होत्या, बारा फळकुटांवर एकमेकींना पाठ करून बसलेल्या. दावणगेरेच्या दुकानदाराकडून एक खोका परत आला. पुरुषांच्या घड्याळांच्या डब्यांत बायकांच्या घड्याळांची हमीपत्रं गेली होती. शेडच्या फोरमनने खोका मधोमध ठेवला आणि विचारलं, "कुणाचा?" बारा बायका आपापल्या हातांकडे बघायला लागल्या. होन्नम्माने खोक्याची चिठ्ठी डाव्या डोळ्याजवळ धरली. अक्षर तिचंच होतं.

"माझा," ती म्हणाली. "भिंगाशिवाय हमीपत्रावरचा बारीक आकडा मला नीट दिसला नाही. उद्याही दिसणार नाही. कुणीतरी मला वाचून दाखवायला हवा."

फोरमनला असं उत्तर ऐकायची सवय नव्हती. तो खोका तिथेच सोडून निघून गेला. मग कोपऱ्यातली तायम्मा नावाची बाई आपलं फळकूट फरफटत घेऊन आली आणि होन्नम्माच्या फळकुटाला लावून बसली.

"आकडे मी वाचते," ती म्हणाली. "मला गाठ नीट येत नाही. माझे निम्मे खोके लॉरीतच सुटतात. कुणाला सांगितलं नाही आजवर."

होन्नम्माने तिचा खोका ओढून घेतला, सुतळीचं टोक बोटात धरलं आणि तायम्माकडे बघत, ती वाचत असलेले आकडे ऐकत, फास मारला. गाठ बांधायला तिला खाली बघावं लागत नव्हतं.